मध्यस्थाने कुठे उठावे?

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. विज्ञान शाखेच्या एका मित्राने मला महाविद्यालयाच्या संगणक कक्षात एका यंत्रापुढे बसवले आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीला ग्रंथालयातल्या यंत्रापुढे. दोन्हीकडे नेहमीचाच ब्राउझर उघडा होता. नवे काही उतरवून घ्यावे लागले नाही, कुठे नाव नोंदवावे लागले नाही. मित्राने स्वतः लिहिलेले एक साधेसुधे पान आम्ही दोघांनी उघडले, कॅमेरा आणि माइक वापरण्याची परवानगी दिली, आणि ग्रंथालयातल्या जुन्या पंख्याची कुरकुर माझ्या कानात येऊ लागली. इतके झाले तर आज कुणाला नवल वाटत नाही. नवल पुढेच होते. मित्र उठला, कोपऱ्यातल्या पेटीशी गेला आणि बाहेरून येणारी तार त्याने उपसून काढली.

“आता जगाशी आपला संबंध संपला,” तो म्हणाला. दुसऱ्या खिडकीत मी वर्तमानपत्राचे पान उघडून पाहिले, उघडेना. पण ग्रंथालयातला पंखा कुरकुरतच होता. माझी मैत्रीण विचारीत होती, “झाले का तुमचे? मला तास आहे.”

त्या क्षणापर्यंत माझी अशी समजूत होती की, पडद्यावरचे कोणतेही बोलणे म्हणजे आधी कुठल्या तरी दूरच्या कंपनीच्या दारी जाणार आणि तिथून परत येणार. शेजारच्या इमारतीतल्या माणसाशी बोलायलाही मुंबईची वा सिंगापूरची वारी घडणार. ती समजूत खोटी ठरली. दोन ब्राउझर एकमेकांशी थेट बोलू शकतात. ही सोय आज बहुतेक सर्व प्रचलित ब्राउझरांत आहे, तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही आहे, आणि आपण कलाशाखेचे विद्यार्थी तिच्याविषयी जवळजवळ काहीच जाणत नाही. जाणायला हवे, असे माझे मत आहे. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

या व्यवस्थेचे नाव वेबआरटीसी. गूगलने २०१० मध्ये आवाज वाहून नेण्याच्या तंत्रात मुरलेली एक कंपनी विकत घेतली आणि २०११ मध्ये तिचे तंत्र सर्वांना खुले केले. २०१३ च्या फेब्रुवारीत क्रोम आणि फायरफॉक्स या दोन प्रतिस्पर्ध्यांचे ब्राउझर एकमेकांशी बोलले. २६ जानेवारी २०२१ रोजी या तंत्राला जागतिक प्रमाणाचा दर्जा मिळाला. तारखा एवढ्या पुरे. इंग्रजीत अशा संभाषणातल्या दोन टोकांना ‘पीअर’ म्हणतात. परिभाषाकोशात याला काहीही म्हणोत, मला आपला ‘बरोबरीचा’ हा शब्द बरा वाटतो. दोन्ही बाजू बरोबरीच्या. एक मागणारा आणि दुसरा देणारा असे नाही. उलट ‘सर्व्हर’ या शब्दाचा मूळ अर्थ सेवा करणारा, पंक्तीतला वाढपी. आज वाढपीच यजमान होऊन बसला आहे, ही गोष्ट निराळी.

आता बरोबरीच्या दोघांनी एकमेकांना शोधायचे कसे? इथे मात्र मध्यस्थ लागतोच, आणि हा मध्यस्थ आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. सोयरीक जमवताना दोन्ही घरी जाऊन ‘त्यांच्याकडे असे असे आहे, तुमचे काय?’ असे सांगणारा एक माणूस असतो ना? तेच काम इथे एक लहानसा सर्व्हर करतो. माझ्या ब्राउझरने एक चिठ्ठी लिहायची: मला अमुक प्रकारचा आवाज समजतो, अमुक प्रकारचे चित्र समजते, माझा पत्ता हा, आणि माझी ओळख पटवणारा ठसा हा. मध्यस्थाने ती पलीकडे पोचवायची आणि उलट चिठ्ठी आणायची. ओळख झाली की त्याने उठावे. आमच्या प्रयोगात मित्राने तार उपसली तेव्हा त्याने या मध्यस्थालाच घराबाहेर काढले होते. बोलणे ज्या वाटेने चालले होते ती वाट इमारतीच्या आतच होती.

पत्त्याचे प्रकरण मात्र गमतीचे आहे. आमच्या पूर्व भागात एकेका जुन्या वाड्यात दहा-बारा बिऱ्हाडे असतात. रस्त्यावरचा घर क्रमांक सगळ्या वाड्याला एकच, आणि आत खोल्यांना एक, दोन, तीन असे वाड्यापुरते आकडे. “मी तीन नंबरच्या खोलीत राहतो,” असे भिवंडीच्या माणसाला कळवून काय उपयोग? तीन नंबरची खोली प्रत्येक वाड्यात आहे. घरच्या वाय-फायच्या पेटीमागे बसलेले आपले यंत्र नेमके असेच राहते. कारण सरळ आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत एकूण सुमारे ४२९ कोटी, आणि जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली आहे. तेव्हा एका पत्त्यात अनेकांनी दाटीवाटीने राहायचे. मोबाइल कंपन्यांनी तर वाड्याबाहेर आणखी एक कोट घालून हजारो बिऱ्हाडे त्यात घातली आहेत.

शिवाय वाड्याच्या दाराशी एक खट म्हातारी बसलेली असते, अशी कल्पना करा. आतून कुणी कुणाला पत्र धाडले हे ती लक्षात ठेवते आणि त्या पत्राचे उत्तर आले तरच आत सोडते. अनाहूत पत्र दारातूनच परत. आता दोन वाड्यांत दोन म्हाताऱ्या असल्या तर आतल्या दोघांनी बोलावे कसे? प्रथम दोघांनीही चौकातल्या एका तिऱ्हाइताला चिठ्ठी धाडायची. तो उत्तर देतो, “तुझी चिठ्ठी अमुक वाड्याच्या अमुक खिडकीतून आली बरे का.” झाले, बाहेरून आपण कसे दिसतो ते कळले. या तिऱ्हाइताला ‘स्टन’ म्हणतात. तो पत्ता सोयरीकवाल्याकरवी एकमेकांना कळवायचा आणि मग दोघांनी एकाच वेळी एकमेकांना पत्रे टाकायची. पहिले पत्र समोरची म्हातारी कदाचित परतवील. पण ते पाठवताना आपल्या दारच्या म्हातारीने समोरच्याचे नाव टिपून ठेवलेले असते. त्याचे पत्र आले की तिला वाटते, हे आपल्याच पत्राचे उत्तर. ती आत सोडते. दोघींनाही न दुखावता वाट मोकळी होते. ही युक्ती ज्याला सुचली त्याने आयुष्यात कधी ना कधी भाड्याच्या खोलीत दिवस काढले असावेत.

काही म्हाताऱ्या याहून वस्ताद असतात. त्या प्रत्येक नव्या माणसासाठी वेगळीच खिडकी उघडतात, त्यामुळे चौकातल्या तिऱ्हाइताने सांगितलेली खिडकी कामाला येत नाही. अशा वेळी दोघांनी तिसऱ्याच घरी पत्रे टाकायची आणि त्याने ती पुढे ढकलायची. याचे नाव ‘टर्न’. हा खरा हमाल. मात्र याच्या हाती पडतात ती पाकिटे बंद असतात. वेबआरटीसीमध्ये बोलणे कुलूपबंद असणे ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे, आणि कुलपाच्या किल्ल्या दोन टोकांचे ब्राउझर आपसांत ठरवतात. हमालाला ओझे कळते, आतला माल कळत नाही.

आवाज कसा जातो तेही थोडक्यात सांगतो. बोलण्याचे साधारण वीस-वीस सहस्रांश सेकंदांचे तुकडे केले जातात, म्हणजे सेकंदाला पन्नास, आणि ते एकामागून एक सोडून दिले जातात. मागावरच्या धोट्यासारखी ही ये-जा चालते. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवीत बसत नाहीत. तोवर बोलणे पुढे गेलेले असते. मागच्यापुढच्या सुरावरून ऐकणारे यंत्र ती जागा भरून काढते. पत्रात एक अक्षर गहाळ झाले तर चालणार नाही, पण बोलण्यात चालते, हा फरक यंत्रवाल्यांनी ओळखला याचे भाषेच्या विद्यार्थ्याला कौतुक वाटावे.

इथवर सारे गोड आहे. आता मुद्द्यावर येतो.

२०२०–२१ साली मी दहावीत होतो. पुढे आमची परीक्षाच रद्द झाली. ते वर्ष आम्ही पडद्यावर काढले. वर्गात साठ जण. साठ जणांनी एकमेकांशी थेट बोलायचे ठरवले तर प्रत्येकाने आपले चित्र एकोणसाठ जणांना पाठवायला हवे. एकूण ३५४० धारा. कोणता मोबाइल हे करील? म्हणून समूहाच्या वेळी मध्ये एक मोठा सर्व्हर बसवतात. प्रत्येकाने त्याला एकदाच पाठवायचे, आणि त्याने सर्वांना वाटायचे. हा वाटपी हमालासारखा नाही. प्रत्येकाचे कुलूप त्याच्याशी असते. तो पाकीट उघडतो आणि पुन्हा बंद करून पुढे देतो. वरून आणखी एक कुलूप घालण्याची सोय काही ठिकाणी आहे, पण ती मुद्दाम करावी लागते. वर्गासाठी हा वाटपी लागणार, हे मला मान्य आहे. ‘मध्यस्थ नकोच’ अशी घोषणा देणाऱ्यांपैकी मी नाही.

माझी तक्रार निराळी आहे. वर्ग संपला तरी वाटपी उठला नाही. बाईंना एकट्यानेच शंका विचारायची, तरी तोच दुवा. दोन मैत्रिणींनी निबंध वाचून दाखवायचा, तरी तोच दुवा, आणि ठरावीक मिनिटे भरली की मधेच तोंडावर दार बंद. माझी आजी विड्या वळते. मामा भिवंडीला यंत्रमागावर. टाळेबंदीत महिनोन्‌महिने दोघांची भेट नव्हती. घरच्या अकरा जणांना एकाच वेळी पडद्यावर आणण्याचा उत्साह आम्हा मुलांना. सगळे एकदम बोलत आणि आजीला कुणाचेच धड ऐकू येत नसे. ती पान-तंबाखूचे सूप पुढे ओढून म्हणे, “तुमचे चालू द्या, मला नंतर एकट्याशी बोलवा.” दोघांनी बोलण्याची गोष्ट वेगळी आणि बैठक वेगळी, हे त्या निरक्षर बाईला कळले होते.

आजीची दुसरीही एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. विडी-कारखान्यातून पान आणि तंबाखू मोजून मिळते. वळलेली विडी परत न्यायची, आणि तिथे बसलेला माणूस ती तपासून घेतो. त्याने बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. आजी म्हणते, मधे माणूस बसलाय याचे वाईट वाटत नाही. तो कशासाठी बसलाय आणि काय काय बघतो हे आधी ठाऊक पाहिजे. पडद्यावरच्या बोलण्याविषयी मला याहून वेगळे काही म्हणायचे नाही. मधला माणूस ओळख करून देणारा आहे, बंद पाकीट वाहणारा आहे, की पाकीट उघडणारा? हा प्रश्न आपण कधी विचारला आहे काय?

आमच्या एका प्राध्यापकांशी याविषयी बोलणे झाले. ते हसून म्हणाले, “अरे, तुझ्या-माझ्या बोलण्यात कंपनीला कसला रस?” सर, रस नसेल. पण घरी मारहाण होते हे सांगणारी विद्यार्थिनी, परीक्षेची फी भरता येत नाही हे सांगणारा विद्यार्थी, हेही याच वाटेने बोलतात. बंद खोलीत सांगायची गोष्ट कुठल्या खोलीत सांगितली जात आहे, हे निदान ऐकणाऱ्याला तरी माहीत असावे.

दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. थेट बोलायचे म्हणजे आपला बाहेरचा पत्ता समोरच्याला द्यायचा. त्यावरून घर सापडत नाही, पण कोणत्या कंपनीची जोडणी आणि ढोबळमानाने कोणते गाव, एवढे कळू शकते. अनोळखी माणसाशी बोलताना हे कुणालाही, विशेषतः मुलींना, नको वाटेल. तिथे मधे हमाल घालणेच शहाणपणाचे. व्हॉट्सअॅपने २०२३ मध्ये कॉलच्या वेळी आपला पत्ता झाकण्याची सोय दिली, ती याच कारणाने. दुसरी अडचण त्या सोयरीकवाल्याचीच आहे. ओळखीचा ठसा त्याच्या हातून जातो. त्याने लबाडी करून दोन्हीकडे आपलाच ठसा दिला तर दोघांनाही वाटेल आपण एकमेकांशी बोलतो आहोत, आणि प्रत्यक्षात दोघेही त्याच्याशी बोलत असतील. फोटो एकीचा दाखवून लग्न दुसरीशी लावल्याच्या गोष्टी आपण ऐकल्याच आहेत. शिवाय बोलणे त्याला कळले नाही तरी कोण कुणाशी केव्हा बोलले हे त्याला कळतेच. म्हणून मी म्हणतो की मध्यस्थ घालवण्यापेक्षा तो कोण असावा याचा विचार अधिक मोलाचा.

हा विचार केला नाही तर काय होते याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि दहा लाख डॉलरांतील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. स्काइपवरून खेड्यातली मुले दूरदेशीची ठिकाणे पाहत, तिथल्या माणसांशी बोलत, हा त्यांच्या कामातला एक गाजलेला भाग. हे स्काइप २००३ मध्ये निघाले तेव्हा ते बरोबरीच्या तत्त्वावरच चाले; वापरणाऱ्यांचीच यंत्रे एकमेकांची वाट दाखवीत. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते घेतले, पुढे ही वाट दाखवण्याची कामगिरी कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरांकडे गेली, आणि ५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झाले. गुरुजींचे काम एका साधनावर अवलंबून नव्हते, ते चालू राहील. पण जे दार जगाकडे उघडत होते ते कुणाच्या तरी एका निर्णयाने मिटू शकते, एवढे यातून दिसते. वेबआरटीसी असे एका निर्णयाने बंद होण्यातले नाही, कारण ते कुणा एकाचे दुकान नाही. लेखी नियम खुले आहेत आणि ते वाचून कुणालाही पान लिहिता येते. आमच्या मित्राने लिहिलेच की.

‘हे आपल्या आवाक्यातले नव्हे’ असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. जित्सी हे खुले संभाषण-साधन आज जगभर वापरले जाते. त्याची सुरुवात २००३ मध्ये स्ट्रासबुर्ग विद्यापीठातल्या एमिल इव्होव्ह नावाच्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून झाली. त्यात खोलीत दोघेच असले तर बोलणे थेट जाते आणि तिसरा आला की वाटपी मधे येतो. मध्यस्थाने कुठे उठावे हे तिथे यंत्रालाच शिकवलेले आहे!

तेव्हा माझी सूचना अशी. आपल्या महाविद्यालयाने स्वतःचा एक सोयरीकवाला ठेवावा. त्याला मोठे यंत्र लागत नाही. त्याच्या हातून जातात त्या काही ओळींच्या चिठ्ठ्या, आवाज आणि चित्र जातच नाही. प्राध्यापक आणि एक विद्यार्थी यांचे बोलणे, तोंडी परीक्षेची तयारी, घरी अडकलेल्या विद्यार्थ्याची चौकशी ही कामे त्यावरून व्हावीत. आणि चित्राचा आग्रह सोडावा. नुसत्या आवाजाला तासाला पंचवीस एमबीच्या आसपास खर्च येतो. चित्राला त्याच्या अनेकपट. दहावीत माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी मुलगी पडद्यावरच्या वर्गात दुसऱ्या महिन्यापासून दिसेनाशी झाली. घरात मोबाइल एक, तो वडील कामावर नेत, आणि संध्याकाळी परत आणीत तेव्हा दिवसाचा डेटा संपलेला असे. संध्याकाळी दहा मिनिटे कुणी नुसते बोलले असते तरी ती कदाचित अकरावीला आली असती. आमच्या शाळेला हे सुचले नाही. आम्हालाही सुचले नाही.

भाषा विभागांना तर यात पर्वणी आहे. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषा एका रिक्षात ऐकू येतात, पण कन्नड शिकणाऱ्या मुलाला धारवाडच्या किंवा कलबुर्गीच्या बरोबरीच्या विद्यार्थ्याशी आठवड्यातून अर्धा तास बोलायला मिळाले तर व्याकरणाची निम्मी भीती जाईल. दोघांच्या बोलण्याला सभागृह लागत नाही.

मध्यंतरी मित्राच्या पानावरून मी आजीला मामाशी जोडून दिले. पहिल्या दिवशी बोलणे थेट गेले. पानाच्या कोपऱ्यात मित्राने तशी एक हिरवी खूण ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी मामा दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवरून बोलत होता, तिथली म्हातारी वस्ताद निघाली, आणि बोलणे हमालाकडून गेले. खूण पिवळी झाली. आजीला फरक कळला नाही. मी सांगितला, तेव्हा तिने एवढेच विचारले, “तो ऐकत तर नाही ना?” नाही, म्हणालो, पाकीट बंद आहे. मग तिने मला खोलीबाहेर जायला सांगितले.

प्राचार्यांकडे आम्ही अर्ज दिला आहे. खर्च किती, असे त्यांनी विचारले आहे. ग्रंथालयात टाकून दिलेले एक जुने यंत्र आहे, ते या कामाला पुरेल असे मित्र म्हणतो. पत्ता झाकण्यासाठी आणि अडलेल्यांसाठी एक हमालही ठेवावा लागेल, त्याचे थोडे भाडे पडेल. आणि ग्रंथालयाचा मुख्य खटका सायंकाळी साडेपाचला बंद करतात, तो मात्र रात्रीही चालू ठेवावा लागेल.